दाट तिथीची सभा

द्रौपदाबाईचं नाव बदलायचा एकदा प्रयत्न झाला होता. नरडाण्याकडच्या खेड्यातून सातव्या वर्षी ती धुळ्याच्या मिशन बोर्डिंगात आली. पहिल्याच आठवड्यात तिनं कोणाची तरी फाटकी उशी नीट टाचून दिली, म्हणून तिथल्या मॅडमनी तिला दुर्कस म्हणायचं ठरवलं. पवित्र शास्त्रात दुर्कस नावाची बाई विधवांसाठी कपडे शिवते ना, म्हणून. महिन्यानं बाप भेटायला आला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, देव बदलना तो मी राजीखुशीनं. पन पोरनं नाव तिनी आजीनी ठेयेल शे. ते राहू द्या." मॅडमनी राहू दिलं. द्रौपदाबाई पुढे जन्मभर शिवत राहिली आणि द्रौपदाबाईच राहिली.

अठराव्या वर्षी तिचं पितांबर मास्तरांशी लग्न झालं. मास्तर म्हणायचं, पण शाळेतले नव्हेत, मिशनचे प्रचारक. शांत माणूस, पेटी सुरेख वाजवायचा, आणि वरून आलेल्या कागदाला त्याच्या लेखी फार मान. सत्त्याहत्तर साली मंडळानं त्यांना बोदवडजवळच्या हिंगणधरीला पाठवलं. मंडळ म्हणजे धुळ्यात बसून कोणी कुठे जायचं ते ठरवणारी सात-आठ वडीलधारी माणसं. हिंगणधरीत तेव्हा ख्रिस्ती घरं चार होती. अकरा वर्षांनंतरही चारच होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

पण आकडे सोडले तर अकरा वर्षांत बरंच झालं होतं. द्रौपदाबाईनं ओट्यावर शिवणाचं मशीन मांडलं. आधी बौद्ध वस्तीतल्या मुली शिकायला आल्या, मग दबकत दबकत वरच्या आळीतल्याही. तिची अहिराणी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण बोदवडकडची बोली निराळी. ती म्हणायची, "हसा, पन काज नीट करा." एक्क्याऐंशी साली मिशननं यंत्र आणून तिच्या घरासमोर हापसा बसवला. पाणी गोड लागलं. ख्रिस्ती आणि बौद्ध वस्ती त्यावर भरू लागली. वरच्या आळीला नळ होते, टाकी होती. तिथलं कोणी हापशावर आलं नाही आणि का आलं नाही ते कोणी बोलूनही दाखवलं नाही. गाव वाईट नव्हतं. लग्नकार्याचं आमंत्रण मास्तरांच्या घरी न चुकता यायचं. जेवायच्या वेळी मात्र केळीच्या पानानं झाकलेली दोन ताटं घरपोच यायची. पंगतीत या असं कोणी म्हणायचं नाही, येऊ नका असंही नाही. द्रौपदाबाई ताट घ्यायची, आणणाऱ्याला गूळपाणी विचारायची, तो घाई आहे म्हणून निघून जायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत धुळ्याहून पत्र आलं. हिंगणधरीचं काम वाढत नाही, असं मंडळाचं मत पडलं होतं. पंधरा मे, रविवार, सकाळी दहा वाजता गावात मोठी सभा घ्यावी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं गायक मंडळ येईल, आमचे चिटणीस मोतीलालराव स्वतः बोलायला येतील. शंभर माणसं जमली तर काम चालू ठेवू, नाही तर केंद्र बंद करून मास्तरांना धुळ्याच्या पुस्तकाच्या दुकानात घेऊ.

द्रौपदाबाईनं पत्र दोनदा वाचलं. धुळ्याचं कंपाउंड तिला ठाऊक होतं. एका रांगेत वीस खोल्या, सकाळी सहाची घंटा, आणि कोणाच्या भाजीत मीठ कमी ते सगळ्यांना माहीत. पण खरं कारण ते नव्हतं. हे गाव तिला अर्धवट सोडायचं नव्हतं. बाही जोडायची ठेवून पोलकं कोणाच्या हवाली करावं, तसं तिला वाटत होतं.

एप्रिलच्या मध्याला तिच्या कानावर आलं की तोताराम पाटलांच्या यमूचं लग्नही पंधरा मेलाच ठरलं. यमू तिचीच विद्यार्थिनी. लग्नाची पोलकी याच मशीनवर शिवत होती. दोन दिवसांनी आणखी एक लग्न कळलं, मग आणखी दोन. द्रौपदाबाईनं नवऱ्याला जेवताना गाठलं.

"मी काय सांगस, ऐका. त्या दिन तिथी दाट शे. चार लगीन गावमा, आनि तीन वऱ्हाडं बाहेर जाई राहिनात. सभाले कोन येई?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. मिशनच्या कॅलेंडरवर पंधरा तारखेला लाल पेन्सिलीचा गोल होता. त्या कॅलेंडरवर दर महिन्याला एक वचन असायचं आणि एक चित्र असायचं. तिथी नसायची.

"मंडळनी ठरायेल तारीख शे," ते म्हणाले.

"तुम्ही कॅलेंडर देखतस, गाव तिथी देखस. मंडळले लिखा."

मास्तरांनी लिहिलं. उत्तर आलं की चिटणिसांना दुसरा रविवार मोकळा नाही, आणि लग्नमुहूर्तासारख्या गोष्टीपुढे आपण आपलं काम वाकवू नये. कागद वरून आला होता. मास्तरांनी तो घडी घालून ठेवून दिला. आता यात कोणाला हसावं? पंचांग घरातून काढून टाकलं ते श्रद्धेपोटी, त्याला कोण नावं ठेवणार! पण गावातला मंडपवाला, सतरंज्या, मोठी पातेली, बैलगाड्या आणि माणसं त्याच पंचांगावर चालतात, एवढं तरी धुळ्याच्या सात-आठ शहाण्यांना कळायला हवं होतं. नाही कळलं.

रविवार उजाडला तो तापलेलाच. शाळेत सभा ठरली होती, तिथे जळगावकडचं वऱ्हाड उतरलं होतं. सरपंचांनी मास्तरांना मार्चात शब्द दिला होता खरा, पण सरपंच स्वतः पुतण्याच्या वऱ्हाडाबरोबर मलकापूरला गेलेले. मंडपवाल्याचे चारही मंडप चार दारांत उभे. कर्णा तोतारामच्या निंबावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्या मंडळीतली, त्या चार ख्रिस्ती घरांतलीच माणसं गायब. चार घरांतली दोन घरं वाजंत्र्यांची. उखर्डू सनई वाजवायचा, त्याचा भाऊ डफ. दाट तिथीच्या दिवशी त्यांना घरी बस म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला पेरणीच्या दिवशी घरी बस म्हणणं. उरलेल्या दोन घरांतल्या बायका लग्नाची भांडी घासायला गेलेल्या.

साडेनऊला पाहुणे आले. बोदवड स्टेशनला पॅसेंजरनं उतरले, बैलगाडी मिळेना म्हणून दोन कोस चालत. गायक मंडळाची आठ जणं, घामानं निथळलेली, आणि पुढे मोतीलालराव. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बगलेत चामड्याची पिशवी. निवृत्त हेडमास्तर. हजेरी घेण्याची सवय गेलेली नव्हती. ओट्यावर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मंडप कुठे आहे?"

पितांबर मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. द्रौपदाबाईनंच सगळं सांगितलं, काही न लपवता. आपल्याच मंडळीतली माणसं सनई वाजवायला गेली, हेही सांगितलं. मोतीलालरावांनी घड्याळ पाहिलं.

"म्हणजे सभा नाही."

"सभेची माणसं लग्नात आहेत, साहेब."

"मी दहाची वेळ दिली होती," ते म्हणाले. जणू ते ऐकून गाव धावत येणार होतं.

आपण आता इथले दोन-चार महिन्यांचे पाहुणे, हे द्रौपदाबाईला त्या घड्याळाकडे पाहतानाच कळून चुकलं. ती चूल पेटवायला आत गेली. तेवढ्यात बाहेर बैलगाडीचा आवाज आला. गाडीत रिकामी टिपाडं, लोखंडी पिंपं, खडखडत होती, आणि गाडीपुढे अनवाणी, हळदीनं माखलेल्या हातांची, यमूची आई कलाबाई.

"मास्तरीनबाई, तुमचा हापसा सुरू आहे न?"

"शे ना. काय व्हयनं?"

"काय सांगू माय! चार मांडवाचे पंखे एकदम लावले, तं तार जळाली. मोटर बंद, टाकीत टिपूस नाही. वायरमन त्याच्या भाचीच्या लग्नाले गेला. सहाशे मान्सं आहे, वरन चुलीवर चढलं नाही अजून. नदी तं कोरडी." तिनं रिकाम्या टिपाडांकडे हात केला. "वऱ्हाडी पानी मागू ऱ्हायले, बाई. काय देऊ त्याइले?"

गाडीमागून तोतारामचे चुलते निंबा आबा काठी टेकत आले होते. हापशाकडे पाहत ते हळूच म्हणाले, "कला, या हापशाचं पानी..."

कलाबाई गर्रकन वळली. "आबा, मंग तुमी आना दुसरं कुठून! मी थांबतो."

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि सावली शोधली.

हापसा काही मोटर नव्हे. एक टिपाड भरायचं तर पाच-सहाशे वेळा दांडा दाबायचा, आणि टिपाडं होती पाच. मागून आणखी गाड्या निघाल्या होत्या, कारण मांडव चार होते. गावातले पुरुष कोणी वऱ्हाडाच्या तैनातीत, कोणी परगावी. द्रौपदाबाईनं पदर खोचला आणि दांडा धरला. वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर गायक मंडळातला एक रेल्वेचा फिटर, वना नावाचा, उठला. "सरका, बाई. हे काम आमचं." मग दुसरा उठला.

"आपण इथे सभेसाठी आलो आहोत," मोतीलालराव म्हणाले. "हे आपल्या कार्यक्रमात नाही."

"कार्यक्रमात हे ऊनही नव्हतं, साहेब," द्रौपदाबाई म्हणाली. पितांबर मास्तर जमिनीकडे पाहत होते. पण मग त्यांनी एक गोष्ट केली, जी अकरा वर्षांत केली नव्हती. वरून आलेल्या माणसाकडे न पाहता, न विचारता, ते उठले, घरातून पेटी आणली आणि हापशाजवळच्या दगडावर ठेवून वाजवायला बसले.

ठेका मिळाला तसा दांडाही लयीत चालला. गायक मंडळानं सभेसाठी बसवलेली भजनं एकामागून एक निघाली. ठेका चुकला की पाण्याची धार तुटायची, म्हणून कोणी चुकेना. दुसरी गाडी आली, तिसरी आली. गाडीवान रांगेत बसून ऐकू लागले. एकानं तर आपलं टिपाड भरल्यावरही गाडी हाकली नाही, "हे संपू द्या" म्हणाला. अकरा वाजता गायकांपैकी दोघांचे तळहात सोलले. तेव्हा मोतीलालरावांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या दुमडल्या आणि दांडा धरला. साठीचा माणूस, पन्नास मोजून थांबायचा. मोठ्यानं मोजायचा, आणि बाकीच्यांकडूनही मोजून घ्यायचा.

मुहूर्त टळला नाही. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. दुपारी दोनच्या सुमाराला उखर्डू पाणी प्यायला म्हणून हापशावर आला आणि दांड्याशी चिटणीस पाहून जागीच थबकला. सनई त्यानं पाठीमागे लपवली. लग्नात वाजवू नये, असं मंडळाचं जुनं फर्मान होतं.

"काय आहे मागे?" मोतीलालराव.

"सनई आहे, साहेब. तिथी दाट होती."

मोतीलालराव घामानं चिंब झाले होते. त्यांनी उखर्डूकडे पाहिलं, मग स्वतःच्या चिखल उडालेल्या पँटकडे पाहिलं. "पाणी पी," म्हणाले आणि दांडा दाबू लागले.

चार वाजता शेवटची गाडी गेली. हापशाजवळच्या निंबाच्या झाडाखाली सतरंजीशिवाय, मातीवर बसून प्रार्थना झाली. पाहुणे, मास्तर आणि द्रौपदाबाई धरून माणसं चौदा. मोतीलालराव जे बोलणार होते ते लिहून आणलेलं होतं. त्यांनी ते काढलंच नाही. पाच मिनिटं बोलले आणि थांबले. मग वही काढून हजेरीच्या रकान्यात चौदा लिहिलं.

पाच वाजता तोतारामकडून ताटं आली. चांगली अकरा ताटं, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. केळीच्या पानांनी झाकलेली. आणणाऱ्यानं ती ओट्यावर ठेवली आणि घाई आहे म्हणून निघून गेला. गायक मंडळातली पोरं भुकेली होती, तुटून पडली. द्रौपदाबाईनं आपलं ताट तसंच ठेवलं. सहा तास पाणी ओढलं, आणि ताट झाकूनच! तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज. पाहुण्यांसमोर हे उघडं पडलं याची. मोतीलालराव समोरच बसले होते. त्यांनी पान बाजूला केलं आणि एकदा वरच्या आळीकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं, हे तिला समजलं.

गायक मंडळ संध्याकाळच्या गाडीनं परतलं. मोतीलालरावांचे हात इतके दुखत होते की ते राहिले. वायरमन भाचीचं लग्न लावून आला आणि तार जोडून गेला. सोमवारी सकाळी वरच्या आळीतल्या नळांना भरभरून पाणी होतं.

चहा पिताना मोतीलालराव मऊ आवाजात म्हणाले, "बाई, मी चौदाच लिहिलंय. खोटं मला लिहिता येणार नाही."

"खोटं लिहा असं मी कुठे म्हणते?" तिचा आवाज चढला. "सभा झाली नाही असंच लिहा. पण साहेब, अकरा वर्षांत पहिल्यांदा गाव आमचं पाणी प्यायलं. सहाशे माणसं प्यायली. आता आम्हाला उचलून न्याल, तर हे कोणासाठी झालं?"

"नड होती म्हणून प्यायली," मोतीलालराव म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. थकलेल्या माणसाचं ते खरं बोलणं होतं. "नड कोणालाही पाणी पाजते. आज नळ आलाय. बघा बरं, आहे कोणी?"

तिनं पाहिलं. हापशावर बौद्ध वस्तीतल्या दोघीजणी भरत होत्या, रोजच्यासारख्या. दुसरं कोणी नव्हतं. पितांबर मास्तर म्हणाले, "साहेब, गाडीची वेळ होत आली," आणि पिशवी उचलायला वाकले.

तेव्हा वरच्या आळीकडून कलाबाई येताना दिसली. लेक सासरी गेलेली, डोळे सुजलेले, अंगावर कालचंच चुरगळलेलं लुगडं. काखेत तांब्याचा हंडा. ती शिस्तीत दोघींच्या मागे उभी राहिली. पाळी आल्यावर हंडा लावला. द्रौपदाबाई धावतच गेली आणि दांडा धरला.

"नळले पानी नई का?"

"हाये न, भरपूर हाये." कलाबाईनं नाक पुसलं. "पन काल दाळ कशी लोन्यासारखी शिजली, बाई! आमच्या नळाच्या पान्यात दोन घंटे शिजत नाही. मी म्हटलं, आता एक हंडा रोज इथूनच न्यावा." मग हंडा भरायच्या आधीच तिनं धारेखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याली. तोंडावर मारलं, पुन्हा प्याली. "यमी गेली अन् घर खायाले उठलं पाहा. मशीनवर मले काही शिकवशान का? हात रिकामे ऱ्हायले का रडू येते."

द्रौपदाबाई दांडा दाबायचं विसरून तशीच उभी राहिली. कलाबाईच म्हणाली, "दाबा न, माय."

ओट्यावर मोतीलालराव कप हातात धरून उभे होते. चहा निवून गेला होता. वही बगलेतच होती, ती त्यांनी उघडली नाही. कप खाली ठेवून ते पितांबर मास्तरांकडे वळले.

"मास्तर, पुढच्या वर्षीच्या सभेची तारीख मंडळात ठरणार नाही. ती बाईंना विचारून ठरवा."

मास्तर नुसतं "होय साहेब" म्हणाले, कारण सांगितलेलं ऐकायची त्यांना सवय होती. पण द्रौपदाबाईनं त्यातले 'पुढच्या वर्षीच्या' हे दोनच शब्द ऐकले. तिनं कलाबाईचा हंडा भरला, तिच्या डोक्यावर चढवून दिला. मग घरात गेली आणि दार लोटून घेऊन मोकळेपणानं रडली.